राजसबाईंना दिलेल्या शिव्या

माझ्या पहिल्या जाहीर भाषणाला टाळ्या पडल्या नाहीत, ढेकळं पडली. त्यातलं एक गुडघ्याला लागलं, त्याची खूण अजून आहे. पुढे मी कुलगुरू झाले, त्यानंतर राज्यपाल झाले, आणि या दोन खुर्च्यांपायी इतकी भाषणं ठोकली की ऐकणाऱ्यांची मला आता उशिराने दया येते. दर वेळी एखादा तरुण पत्रकार वही सरसावून विचारायचा, "मॅडम, वक्तृत्वाचे धडे आपण कुठे घेतले?" मी चेहरा गंभीर करून "घरच्या संस्कारांतून" असं सांगत आले. ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरं उत्तर असं, की शहाद्याजवळ गोमाई नदीच्या कोरड्या पात्रात उभी राहून मी समोरच्या गावच्या बायकांना शिव्या घालत होते आणि ते शिक्षण मला माझ्या बोळक्या फुईने दिलं होतं. राजभवनात असताना हे सांगितलं असतं तर माझ्या सचिवांना भोवळ आली असती. आता निवृत्त आहे, तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

आमच्या घरात चार माणसं: आप्पा, माय, बनाफुई आणि मी. फुई म्हणजे वडिलांची बहीण. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि घर तिच्याच आवाजावर चालायचं. आप्पा गावचे पाटील, जमीन चांगली काळी, बैल देखणे, पण स्वभाव असा की कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "देखूत." म्हणजे बघू. कपाशी कधी पेरायची? देखूत. विहिरीचा गाळ काढायचा का? देखूत. एकदा गोठ्याला आग लागल्याचं सांगत गडी धावत आला तेव्हाही आप्पांच्या तोंडून आधी "देखूत" निघालं आणि मग ते पळाले. माझं नाव सुभद्रा, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत होतं. घरी मी सुभी. माय कमी बोलायची. तिचा राग, लोभ, आनंद सगळं लाटण्याच्या आवाजावरून कळायचं. लाटणं भराभर चाललं की समजायचं, बाईचं सगळं ठीक आहे.

आखाजीच्या आधी महिनाभर आमचं अंगण माणसांचं राहत नसे, कुरडयांचं होऊन जायचं. खाटांवर धोतरं पसरून त्यावर कुरडया, बाजूला पापड, आणि राखणीला हातात काठी घेऊन मी. माझ्या दुसऱ्या हातात पुस्तक असायचं. कावळ्यांना हे ठाऊक होतं. मी पान उलटेपर्यंत ते एक ओळ साफ करून जायचे, आणि मग आतून फुईचा आवाज यायचा, "व सुभी, कावळास्ले जेवाले बलायेल शे का व तू?" आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात तिचा थाट दिवाळीला मागे सारणारा. सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी यायच्या, निंबांना झोके टांगले जायचे, आणि झोक्यांच्या दोरांचा करकर आवाज दिवसभर कानांत राहायचा. जेवायला खापरावरचे पुरणाचे मांडे आणि आंब्याचा रस, वर तुपात तळलेल्या सांजोऱ्या. खापराखालचा धूर डोळ्यांत जाऊन माय रडायची आणि मांडा उत्तम जमला म्हणून त्याच डोळ्यांनी हसायची. तसा मांडा मला पुढे कोणत्याही मेजवानीत मिळाला नाही. राजभवनाच्या आचाऱ्याने एकदा प्रयत्न केला होता. त्याने केलेल्या वस्तूला मी मांडा म्हणणार नाही.

दुपार कलली की बार. शहरातल्या वाचकांनी भलता अर्थ घेऊ नये म्हणून सांगते. नदीच्या अल्याड आम्ही आणि पल्याड दुसरं गाव. त्या गावाला चांगलं नाव होतं, पण आम्ही ते कधी घेतलं नाही, नुसतं पल्याड म्हणायचो. आखाजीला दोन्ही गावच्या बाया कोरड्या पात्रात समोरासमोर उभ्या राहायच्या आणि सूर्य बुडेपर्यंत एकमेकींना हात नाचवून शिव्या द्यायच्या, मधूनमधून ढेकळं फेकायच्या. याला बार खेळणं म्हणत. पुरुषांना तिकडे बंदी, म्हणून दोन्ही काठांवरच्या चिंचेच्या झाडांना त्या दिवशी चिंचांपेक्षा पुरुष जास्त लागलेले असायचे. गंमत अशी, की दोन्ही गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी. त्यामुळे पल्याड दिलेली आमची लेक आखाजीला माहेरी आलेली असायची आणि समोर तिची सख्खी सासू. वर्षभर जिच्या पुढ्यात मान वर करायची नाही, तिला त्या दिवशी जे मनात येईल ते, तेही मोठ्याने आणि सगळ्या गावासमोर. मी पुढे बरेच कायदे वाचले, पण इतका सुनांच्या बाजूचा कायदा माझ्या पाहण्यात आला नाही.

बारचे नियम कडक होते. कोणाच्या मेलेल्या माणसावरून बोलायचं नाही. कोणाच्या पोटी मूल नाही यावरून बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: बारमध्ये दिलेली शिवी नदीतच राहते, ती कोणी मनावर घ्यायची नाही, घरी न्यायची नाही. आखाजी सोडून इतर दिवशी दिलेली शिवी मात्र खरी धरत. तिच्यावरून भावकी बसायची, बोलाचाली बंद व्हायच्या. कुलगुरू असताना माझ्या खिडकीखाली विद्यार्थी 'मुर्दाबाद' म्हणत उभे राहिले की कुलसचिव घाम पुसत दारं लावून घ्यायचे. मी गॅलरीत जाऊन उभी राहायची. एकदा एका पोराला मी वरून सांगितलंसुद्धा, की तुझी घोषणा शेवटी मऊ पडते, जोर आधीच्या शब्दावर दे. त्याने तसं करून पाहिलं आणि मग सगळेच हसायला लागले. मागण्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत, आणि त्यातल्या दोन तर रास्तच होत्या.

आमच्या गावाची सेनापती बनाफुई. पल्याडची राजसबाई. ही उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई गेली पंधरा वर्षं तिकडून आघाडीला उभी होती, आणि तिच्यात आणि फुईत वैर इतकं जुनं होतं की दोघी एकमेकींची तब्येत लोकांकडून विचारून घ्यायच्या. त्या वर्षी आखाजी आठ दिवसांवर आली आणि फुईचे समोरचे चार दात एका झटक्यात गेले. शहाद्याच्या बाजारात दात काढणारा बसायचा. एक किडलेला काढायला गेली आणि त्या भल्या माणसाने ओळखीची म्हणून शेजारचे तीन वर काढून दिले. घरी येऊन फुईने एक शिवी म्हणून पाहिली. तोंडातून नुसती हवा आली. फुई मटकन खाटेवर बसली आणि म्हणाली, "मन्हा दात गयात व माय, मन्ही शिवी बी गयी. आते राजसी मन्हं काय ठेवस नही." मी तिला विधवेपणाबद्दल कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती रडली.

आता माझी अडचण सांगते, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. मी सातवीची फायनल पास झाले होते. शाळेतले गुरुजी नाशिककडचे, शुद्ध बोलणारे आणि अतिशय भित्रे, पण माझ्यासाठी त्यांनी धुळ्याला, आमच्या बोलीत 'धुयाले', मुलींच्या शाळेत पत्र लिहिण्याचं धाडस केलं होतं. तिकडून उत्तर आलं, की वसतिगृहात एक जागा ठेवतो, पण ज्येष्ठात शाळा उघडेल त्या दिवशी मुलगी हजर पाहिजे, नाहीतर जागा दुसरीला जाईल. मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपायची. आप्पा "देखूत" म्हणाले होते, आणि आप्पांच्या देखूतमध्ये होकाराला जागा असायची. पण चैत्र अर्धा सरला नाही तोच पल्याडहून निरोप आला: पाटलांची सुभी आम्हाला आमच्या शांतारामसाठी पाहिजे, लग्न ज्येष्ठात. शांताराम म्हणजे राजसबाईंचा धाकटा. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, तो पोहायला शिकत होता आणि बुडत होता. आप्पा यालाही "देखूत" म्हणाले. एकाच ज्येष्ठात मी दोन गावी कशी असणार, हे कोणीच बघत नव्हतं. आपण नाही म्हणालो तर पोरीत खोट आहे असं बोलतील, एवढंच माय एकदा म्हणाली आणि लाटणं थांबलं.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. चौदाव्या वर्षी युक्ती सुचते तेव्हा तिच्यात भोक आहे हे दिसत नाही. फुईला आवाज पाहिजे होता, मला सोयरीक मोडायची होती. बारमध्ये सगळ्या गावासमोर राजसबाईला असं काही बोलायचं, की त्या संतापून म्हणतील, ही अवदसा आमच्या घरात नको. वास्तविक बारचा नियम मला पाठ होता. पण सात इयत्ता शिकल्यामुळे मला वाटायचं, नियम आपल्या जागी, अपमान तो अपमानच. बिनलग्नाच्या पोरींना बारमध्ये पुढे उभं करत नसत, पण ते ठरवणारी फुईच होती. मी फुईला म्हटलं, "तू शिवी दे, मी वरडसू." फुईने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "देख, नाक मझारथून वरडू नको. पोट मझारथून वरड."

पुढचे आठ दिवस गोठ्यामागे माझा वर्ग चालला. श्रोते म्हणून दोन बैल आणि एक म्हातारी म्हैस. फुई शिकवायची, की शिवी दिल्यावर थांबायचं, समोरच्यांना हसू द्यायचं, हसू ओसरायच्या आत दुसरी सोडायची. तोंडाकडे बघून द्यायची, आभाळाकडे बघून नाही. राग आला की शिवी बिघडते, म्हणून रागवायचं नाही. एवढंच काय ते वक्तृत्व. यापलीकडे मी पुढे काही शिकले असेन असं वाटत नाही. जुन्या शिव्या पुरेनात तेव्हा मी नव्या रचू लागले. एक दिवस गुरुजी काही कामाने आले आणि त्यांनी गोठ्यामागून माझा आवाज ऐकला. कानांवर हात ठेवून ते म्हणाले, "शिव शिव, सुभद्रा, हे काय!" मग जरा वेळ उभे राहून हळूच म्हणाले, "ती भाकरीची पुन्हा म्हण बरं." मी म्हटली. गुरुजी तोंडाला उपरणं लावून घाईघाईने निघून गेले, त्यांचे खांदे हलत होते.

आखाजीला नदीत उभी राहिले. वाळू तापलेली, समोर शंभरभर बाया, मधोमध राजसबाई कमरेवर हात ठेवून. आमच्याकडून पोरगी पुढे आलेली पाहून त्या गडगडाटी हसल्या. "काय व बने, दात गयात म्हनीसन दूधपिती पोर धाडी का?" फुईने मागून माझ्या पाठीत कोपर मारलं. मी पोटातून ओरडले, "राजसे, तुन्ही भाकर इतली जाड, का गाडीनं चाक मोडं तं तुन्हा घरवाला तीच लावस!" पल्याडच्याच बायांत हसू फुटलं. मी थांबले. हसू ओसरायच्या आत म्हणाले, "तू तोंड दखाडं का दूध नासस, म्हनीसन तुन्हा गावन्या म्हशी आंधळ्या जलमतस!" झाडांवरचे पुरुष हसून फांद्या हलवू लागले. एक जण खाली पडला, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. राजसबाईंनी उत्तरं दिली, कडक दिली, माझ्या नाकावरून, आप्पांच्या देखूतवरून, आमच्या गावच्या विहिरींवरून. पाठोपाठ ढेकळं आली, एक गुडघ्यावर बसलं, पण मला चढली होती. शेवटी मी राखून ठेवलेलं हत्यार काढलं. "तुन्हा शांताराम इतला येडा, का पोळाले बैलस्ना संगे त्याना बी शिंगे रंगाडतस, आनि तो बी उगाच उभा ऱ्हास!"

दोन्ही काठ एकदम हसले. पल्याडच्या चिंचेवरून एक बारीक आवाज आला, "माय व!" तो शांताराम. फुईने मला उचलून फिरवलं, तिची सत्तरी जवळ आलेली होती हे ती विसरली. मी मात्र फक्त राजसबाईंकडे पाहत होते. त्या हसत नव्हत्या. डोळे बारीक करून माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी मनात म्हटलं, झालं, मोडली सोयरीक. घरी येऊन चार मांडे खाल्ले आणि धुळ्याला न्यायची पुस्तकं एका फडक्यात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजसबाई डोक्यावर परात घेऊन आमच्या दारात उभ्या. परातीत सांजोऱ्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं. आप्पा ओसरीवर होते, ते उठून उभे राहिले आणि लगेच पुन्हा बसले. राजसबाईंनी परात फुईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "पाटील, आते देखूत-फेखूत काही नही. हाई पोर मले दी टाका. काल तिनी मन्हा सात पिढ्या धुई काढ्यात. इतली बेस शिवी मी वीस वरीसमा ऐकी नही. मन्ही मोठी वहू बारमा सामने उभी ऱ्हास तं मलेच इचारस, 'सासूबाई, जेवन्यात का?' मले लाज वाटस व. हाई पोर मन्ही वहू व्हई तं दरसाल आखाजीले आठे माहेरले ई आनि मन्हासंगे भांडी. सामने कोनी तरी पाहिजे ना व जोडीनं!" फुईचा चेहरा अभिमानाने फुलला होता. माझ्या पायांखालची जमीन मात्र सरकली. मी जितकं घाण बोलले होते तितकी मी त्यांना आवडले होते.

शांतारामचं म्हणाल तर तो आदल्या संध्याकाळीच धानोऱ्याला मामाकडे पळाला होता. "गोसावी व्हसू, पन ती पोर नको," असा निरोप ठेवून गेला होता. राजसबाईंनी ते हसत हसतच सांगितलं, "त्याले काय कळस!" म्हणजे नवरी नको म्हणत होती, नवरा नको म्हणत होता, आणि लग्न तरीही ठरत होतं, कारण सासूला भांडायला जोड हवी होती. या शांतारामचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. राजभवनाच्या फाटकावर एक दिवस पागोटेवाला म्हातारा केळीचा घड खांद्यावर घेऊन आला आणि शिपायांना म्हणाला, "आत सांगा, मी तुमना गव्हर्नरबाईना व्हनारा नवरा व्हतू." त्याला दोन तास बसवून ठेवलं होतं. मला कळल्यावर मी स्वतः खाली गेले. आम्ही दोघांनी हिरवळीवर बसून केळी खाल्ली. नऊ नातवंडं होती त्याला. तो म्हणाला, "बरं व्हयनं बाई, मी झाडवर व्हतू." मीही म्हटलं, बरंच झालं.

पण त्या सकाळी कोणी हसण्याच्या स्थितीत नव्हतं, निदान मी नव्हते. राजसबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. "बोल व, ती शिंगेवाली परत म्हन." सगळे माझ्याकडे बघू लागले. आतून मायचं लाटणं ऐकू येत होतं. मी तोंड उघडलं आणि आवाजच येईना. काल शंभर बायांसमोर पोटातून ओरडणारी मी, आज चार माणसांत सांजोऱ्या मोजत बसले होते. एवढंच एक वाक्य बोलायचं होतं आणि त्यात शिवी नव्हती, गंमत नव्हती, थांबायची जागा नव्हती. राज्यपालपदाची शपथ घेताना कॅमेरे, न्यायमूर्ती, मंत्री सगळे समोर होते आणि माझा आवाज हलला नाही, कारण त्या वाक्याहून अवघड वाक्य मी ओसरीवर बोलून बसले होते. मी जमिनीकडे बघत म्हणाले, "मले लगीन करनं नही. मले धुयाले शिकाले जानं शे."

लाटणं थांबलं. राजसबाईंनी हनुवटी धरून माझा चेहरा वर केला.

"मंग हाई तू काल काब्र नही सांगं?"

"काल तुमले इतल्या शिव्या कसाकरता दिन्ह्यात मंग? तुमले राग येवाले पाहिजे, सोयरीक मोडाले पाहिजे, म्हनीसन."

राजसबाई आधी हसल्या, इतक्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "आवं येडी, बारमा देयेल शिवी कोनी मनवर लेस का? तुले मन्हं मन मोडनं व्हतं तं मन्हासंगे नीट बोलनं व्हतं!" मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. स्वतःच आणलेली एक सांजोरी उचलून त्यांनी ती सावकाश खाल्ली, सगळी. नंतर अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आठ वरीसनी व्हती मी, तवय मन्हं लगीन व्हयनं. मले कोनी इचारं नही, आनि मीनी बी सांगं नही. नदीवर वरडस मी, घरमा तोंड उघाडस नही." फुई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पंधरा वर्षांच्या त्या दोन वैरिणी मी पहिल्यांदाच इतक्या जवळ बसलेल्या पाहिल्या. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तोवर राजसबाई आल्याची बातमी गावभर झाली होती आणि आमच्या ओट्याखाली पन्नासेक माणसं उभी होती. सोयरीक नुसती मोडली असती तर खोट माझ्यात निघाली असती. हे आमच्या सगळ्यांच्या आधी त्या बाईच्या लक्षात आलं. त्या पदर खोचून ओट्यावर गेल्या आणि पोटातून आवाज काढला, "आयका हो! पाटीलनी पोर हिरा शे. पन मन्हा पोऱ्या तिना लायक नही. बावळट शे, पव्हाले शिकना तं नदी मझार पानी कमी पडस, काम सांगं तं झोपस, आनि पोळाले बैलस्ना संगे त्याना बी शिंगे रंगाडतस तरी उगाच उभा ऱ्हास! असा पोऱ्याले मी हाई पोर कशी मांगू?" पाव घटकाभर त्यांनी पोटच्या पोराचे असे धिंडवडे काढले, की माझ्यात खोट शोधायला कोणाला सवडच मिळाली नाही. शिंगांची शिवी माझी होती. माझं नावही न घेता त्यांनी ती बिनदिक्कत उचलली. पुढे वाङ्मयचौर्याची प्रकरणं माझ्यासमोर चौकशीला यायची तेव्हा मी फार कडक वागले असं म्हणतात. पण त्या पहिल्या चोराला मी जन्मभर माफ केलेलं आहे.

खाली उतरून त्या आप्पांना म्हणाल्या, "पाटील, पोरले धुयाले धाडशात ना?" सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. फुई तर आधीच कपाळाला हात लावून बसली होती. आप्पांनी मायच्या दिशेने एकदा बघितलं. "धाडसू," ते म्हणाले. आतून लाटणं पुन्हा सुरू झालं, भराभर.

ज्येष्ठात एका सकाळी आमची गाडी धुळ्याच्या मोटारीसाठी शहाद्याला निघाली. रस्ता नदीच्या काठाकाठाने. आप्पा हाकायला, मागे पेटी, शेजारी फुई, मांडीवर मायने दिलेली सांजोऱ्यांची पुरचुंडी. चिंचेपाशी आलो तर पल्याडच्या काठावर राजसबाई उभ्या होत्या, एकट्या, कमरेवर हात ठेवून. गाडी समोर आली तशा त्या ओरडल्या, "व सुभी! तुमना गावमा अक्कल व्हती एकच घागर, ती बी आज धुयाले चालनी! आते मी कोनासंगे भांडू व?"

फुईने पाठीत कोपर मारलं. "रडू नको व. जबाब दे." मी गाडीत उभी राहिले, गाडीचा दांडा धरला, पोटात श्वास भरला, आणि काही सुचेना. शेवटी फुईच उभी राहून ओरडली. दात नव्हते, नुसती हवा गेली. पल्याड राजसबाई हात वर करून हसत होत्या, आणि गाडी वळेपर्यंत त्या तशाच उभ्या दिसत होत्या.

आखाजी होऊन महिना उलटला होता. बार संपला होता, आणि बारबाहेर दिलेली शिवी खरी धरायची असते. मी ती मनावर घेतली.